नियम पुन्हा केव्हा लागू होतो?

२०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात याच नदीवर संजय सरोवर आहे. त्याला भीमगढ धरण असेही म्हणतात. तिथून, तसेच पेंच नदीवरील धरणांतून, मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, नदीकाठची कितीतरी गावे वेढली गेली आणि पूर पुढे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांपर्यंत पोचला.

वर धरणाचे दरवाजे उघडले की खाली कोणाकोणाला सावध करायचे? नदीकाठी राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न अवघड वाटत नाही. कोणते गाव वर, कोणते खाली, कोणती नदी कुठे मिळते हे त्याला तोंडपाठ असते. संगणकाला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. त्याला माहिती सांगावी लागते, त्या माहितीवरून निष्कर्ष कसे काढायचे हेही सांगावे लागते. एवढे केल्यावर आणखी एक प्रश्न उरतो, आणि या लेखाचा विषय तोच आहे: एकदा निष्कर्ष काढून झाल्यावर नवी बातमी आली, जुनीच बातमी पुन्हा आली, किंवा आधीची बातमी मागे घेतली गेली, तर कोणते नियम पुन्हा लागू व्हायचे आणि कोणते नाही?

एक खुलासा आधीच करतो. पुढे मांडलेले पूर-इशाऱ्याचे उदाहरण केवळ समजण्यासाठी रचलेले आहे. प्रत्यक्ष पुराची सूचना प्रशासन देते आणि ती अनेक मोजमापांवर आधारलेली असते. आपल्या उदाहरणात ठिकाणे आणि नद्या खऱ्या आहेत, नियम मात्र मुद्दाम सोपे केलेले आहेत.

विधाने आणि नियम

इंटरनेटवरची पाने माणसाला वाचता येतात, पण त्यांचा अर्थ संगणकाला कळत नाही. तो कळावा अशा रीतीने माहिती मांडण्याच्या प्रयत्नाला 'सिमँटिक वेब' असे नाव आहे. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी २००१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लेख लिहून ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवली. त्याआधीच, १९९९ साली, माहिती मांडण्याची 'आरडीएफ' ही पद्धत प्रमाणित झाली होती.

या पद्धतीत प्रत्येक माहिती तीन पदांच्या छोट्या विधानात लिहितात: एक वस्तू, एक संबंध आणि दुसरी वस्तू. व्याकरणात आपण कर्ता, क्रियापद, कर्म शिकवतो, तसाच काहीसा हा प्रकार. वैनगंगेवरची पाच ठिकाणे घेऊन आपण चार विधाने लिहू. 'लगेच खाली' हा संबंध आपल्या या पाच ठिकाणांपुरताच आहे. मध्ये इतर गावे आहेतच.

१. संजय सरोवराच्या लगेच खाली माडगी.
२. माडगीच्या लगेच खाली कारधा.
३. कारध्याच्या लगेच खाली गोसीखुर्द धरण.
४. गोसीखुर्दच्या लगेच खाली पवनी.

माडगी तुमसर तालुक्यात आहे. कारधा भंडारा शहराला लागून आहे आणि तिथे वैनगंगेची पातळी मोजली जाते. गोसीखुर्द धरण पवनी तालुक्यात असून पवनी गाव धरणाच्या खालच्या अंगाला येते. आता तीन नियम घेऊ.

नियम क: अ च्या लगेच खाली ब असेल, तर अ चे पाणी ब ला पोचते.
नियम ख: अ चे पाणी ब ला पोचते आणि ब चे पाणी क ला पोचते, तर अ चे पाणी क ला पोचते.
नियम ग: अ मधून विसर्ग सुरू असेल आणि अ चे पाणी ब ला पोचत असेल, तर ब ला सावधानतेचा इशारा.

विधाने आणि नियम हाती घेऊन नवी विधाने काढत जाणाऱ्या प्रणालीला आपण 'तर्कयंत्र' म्हणू. तर्कयंत्रापाशी एक वही आहे अशी कल्पना करा. वहीत विधाने लिहिलेली आहेत. एखाद्या नियमाच्या 'तर' च्या आधीचा भाग वहीतल्या विधानांशी जुळला, की 'तर' च्या नंतरचे विधान वहीत उतरवायचे. झाले काम! फक्त एक शिस्त पाळायची: जे विधान वहीत आधीच आहे, ते पुन्हा लिहायचे नाही.

ही शिस्त वरवर क्षुल्लक वाटते. नियम पुन्हा केव्हा लागू होणार याचे निम्मे उत्तर मात्र तिच्यातच आहे.

मोजून पाहू

पहिल्या फेरीत नियम क चार वेळा लागू होतो आणि 'पाणी पोचते' अशी चार विधाने मिळतात.

दुसऱ्या फेरीत नियम ख कामाला लागतो. एकमेकांना जोडून असलेल्या तीन जोड्या सापडतात आणि तीन नवी विधाने मिळतात: संजय सरोवराचे पाणी कारध्याला, माडगीचे गोसीखुर्दला आणि कारध्याचे पवनीला.

ही तीन विधाने वहीत आली म्हणून नियम ख पुन्हा जागा होतो. नियमाने स्वतःच काढलेला निष्कर्ष त्याच नियमाला नवे खाद्य पुरवतो. तिसऱ्या फेरीत तो पाच वेळा जुळतो, पण नवी विधाने तीनच मिळतात. कारण संजय सरोवराचे पाणी गोसीखुर्दला पोचते हे दोन वाटांनी सिद्ध होते: एकदा माडगी मध्ये धरून, एकदा कारधा मध्ये धरून. माडगी ते पवनी या जोडीचेही तसेच. पाचवी जुळणी संजय सरोवर ते पवनी ही, कारध्यामार्गे.

चौथ्या फेरीत आणखी दोन जुळण्या होतात. दोन्हींचा निष्कर्ष एकच, संजय सरोवराचे पाणी पवनीला पोचते. आणि तो वहीत आधीच आहे. नवे काहीच लिहिले गेले नाही, म्हणून कोणताही नियम पुन्हा जागा होण्याचे कारण उरले नाही. तर्कयंत्र थांबते. वहीत 'पाणी पोचते' अशी एकूण १० विधाने आहेत. नियम ख १० वेळा जुळला, त्यातून नवी विधाने ६ मिळाली, चार वेळा उत्तर जुनेच आले.

इथे 'जुळणे' आणि 'नवे मिळणे' यांतला फरक ध्यानात घ्यावा. नियम जुळला म्हणून पुढची साखळी हलत नाही. वहीत नवे विधान पडले, तरच ती हलते.

आता कल्पना करा की तर्कयंत्र भोळे आहे आणि प्रत्येक फेरीत सगळी वही पहिल्यापासून तपासते. मग नियम ख दुसऱ्या फेरीत ३, तिसऱ्या फेरीत ८ आणि चौथ्या फेरीत १० वेळा, म्हणजे एकूण २१ वेळा जुळेल. उत्तर तेच, कष्ट दुप्पट. पाच ठिकाणांना हे चालून जाईल, पण विधाने कोट्यवधी असतील तर? म्हणून चांगले तर्कयंत्र एक साधी युक्ती वापरते. नव्या फेरीत अशाच जुळण्या पाहायच्या, ज्यांत निदान एक विधान मागच्या फेरीत नव्याने आलेले आहे. जुन्या-जुन्या विधानांच्या जुळण्या आधीच पाहून झालेल्या असतात. या युक्तीने प्रत्येक जुळणी एकदाच होते.

दुसरी युक्ती अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या चार्ल्स फोर्गी यांची. १९७९ च्या प्रबंधात आणि नंतर १९८२ च्या लेखात त्यांनी ती सविस्तर मांडली. तिचे नाव 'रेटे'. लॅटिन भाषेत रेटे म्हणजे जाळे. नियमांच्या अटी जाळ्याच्या गाठींसारख्या एकमेकांना जोडलेल्या असतात आणि अर्धवट जुळलेल्या अटी त्या त्या गाठीपाशी साठवून ठेवलेल्या असतात. समजा, नियम ग ची 'पाणी पोचते' ही अट जुळली आहे, पण विसर्गाची बातमी अजून आलेली नाही. मग ही अर्धी जुळणी गाठीपाशी वाट पाहत बसते. बातमी आली की लगेच पूर्ण होते. सगळी वही चाळावी लागत नाही. ब्रिस्टल येथील एचपी प्रयोगशाळेत २००० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि पुढे अपाचे संस्थेकडे गेलेल्या 'जेना' या सिमँटिक वेबच्या साधनातही या पद्धतीचे तर्कयंत्र आहे.

तीच बातमी पुन्हा आली तर?

आता बातमी आली: संजय सरोवरातून विसर्ग सुरू. हे नवे विधान. त्याने कोण जागा होतो? फक्त नियम ग. तो चार वेळा लागू होतो आणि माडगी, कारधा, गोसीखुर्द व पवनी यांना इशारा मिळतो. नियम क आणि ख यांच्या अटींत विसर्गाचा उल्लेख नाही, म्हणून ते झोपलेलेच राहतात. धरणाचे दार उघडल्याने नदीचा नकाशा बदलत नाही, हे तर्कयंत्राला वेगळे सांगावे लागत नाही.

तासाभराने पुन्हा तीच बातमी आली: संजय सरोवरातून विसर्ग सुरू. आता? हे विधान वहीत आहेच. वही ही गणितातल्या संचासारखी असते. एकच घटक दोनदा घातला तरी संच तोच राहतो. म्हणून एकही नियम लागू होत नाही.

पुष्कळदा हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. "मी बातमी पुन्हा दिली, तरी यंत्र गप्प का?" असे त्याला वाटते. यंत्राच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. आपल्याला तासातासाची बातमी वेगळी मानायची असेल, तर ती वेगळी आहे हे विधानांतच दिसले पाहिजे. 'नोंद पहिली, वेळ सकाळी ६' आणि 'नोंद दुसरी, वेळ सकाळी ७' अशा दोन नोंदी केल्या आणि नियमाची अट नोंदींवर बेतली, तर नियम दुसऱ्या नोंदीला पुन्हा लागू होईल.

सगळ्याच नियमप्रणाली अशा नसतात. कारखान्यात किंवा कार्यालयात कामे करून घेण्यासाठी वापरतात त्या प्रणालींपैकी काहींत प्रत्येक नोंद स्वतंत्र वस्तू मानली जाते. तीच बातमी पुन्हा दिली तर ती दुसरी वस्तू ठरते आणि नियम पुन्हा लागू होतो. म्हणून कोणतेही तर्कयंत्र हाताळताना पहिला प्रश्न विचारावा: याची वही संचासारखी आहे, की रोजकीर्दीसारखी?

निष्कर्ष वेगळा, कृती वेगळी

'कारध्याला इशारा आहे' हा निष्कर्ष दहा वेळा काढला तरी बिघडत नाही. वहीत तो एकदाच राहतो. पण नियमाच्या 'तर' नंतर 'कारध्याच्या सरपंचांना फोन करा' असे लिहिले असेल तर? नियम दहा वेळा लागू झाला, की दहा वेळा फोन. मघाशी पाहिलेच की एकच निष्कर्ष दोन-तीन वाटांनी निघू शकतो. दर वाटेगणिक भोंगा वाजायला लागला, तर लोक दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे लक्ष देणार नाहीत. इशाऱ्याच्या बाबतीत ही किरकोळ अडचण नव्हे.

म्हणून शहाणी रचना अशी: नियमांनी फक्त निष्कर्ष काढावेत. वहीत इशाऱ्याचे नवे विधान पडले, एवढे पाहून बाहेरच्या दुसऱ्या यंत्रणेने फोन करावा. मग वाटा कितीही असोत, फोन एकदाच जाईल.

आकडा बदलला तर?

समजा, गोसीखुर्द धरणाविषयी बातमी आली: उघडे दरवाजे १०. थोड्या वेळाने दुसरी: उघडे दरवाजे ३३, म्हणजे धरणाचे सगळेच. आपल्या मनात नवा आकडा आला की जुना आपोआप पुसला जातो. तर्कयंत्राच्या वहीत तसे होत नाही. तिथे दोन विधाने एकाखाली एक उभी राहतात: उघडे दरवाजे १० आणि उघडे दरवाजे ३३. पहिले विधान कोणी खोडलेले नाही, म्हणून ते अजून खरेच! '२० पेक्षा कमी दरवाजे उघडे असतील तर सौम्य इशारा' असा नियम असेल, तर सौम्य आणि तीव्र असे दोन्ही इशारे एकाच वेळी वहीत राहतील.

यावर उपाय दोन. एक तर जुने विधान मुद्दाम खोडावे, नाहीतर प्रत्येक आकड्याला वेळ जोडून 'सर्वांत ताजी नोंद' कोणती हे वेगळे ठरवावे.

वेळेवरून आठवले. 'इशारा २४ तासांनी संपतो' असा नियम लिहिला, तरी २४ तास उलटल्यावर तो आपोआप लागू होईल असे समजू नये. तर्कयंत्र भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाही. 'आता अमुक वाजले' हे विधान कोणीतरी वहीत घातले, तरच नियमाला जाग येते.

बातमी मागे घेतली तर

विधान वाढवणे सोपे. मागे घेणे अवघड.

समजा संजय सरोवराचे दरवाजे बंद झाले आणि विसर्गाचे विधान खोडले. त्यावर उभे असलेले चार इशारेही खोडायला हवेत. पण थांबा. पेंच नदी कन्हानला मिळते आणि कन्हान भंडाऱ्याच्या खाली वैनगंगेला मिळते. पेंच धरणांतून विसर्ग अजून सुरूच असेल, तर गोसीखुर्द आणि पवनी यांचा इशारा कायम राहिला पाहिजे. माडगी आणि कारधा यांचा मात्र जाईल, कारण कन्हानचा संगम त्यांच्या खाली आहे. सरसकट चारही इशारे खोडले, तर पवनीकर विनाकारण निर्धास्त होतील. एकही खोडला नाही, तर माडगीकरांना खोटा इशारा राहील.

म्हणजे वहीत निष्कर्षासमोर त्याचा आधारही लिहून ठेवायला हवा: हे कशावरून? अमेरिकेतील एमआयटीचे जॉन डॉइल यांनी १९७९ साली अशी आधार सांभाळणारी पद्धत मांडली. शेवटचा आधार गेला की निष्कर्ष जातो; एक जरी आधार शिल्लक असला, तरी तो राहतो.

तरी एक मेख उरतेच. गोसीखुर्दच्या जलाशयाचा फुगवटा वर भंडारा शहरापर्यंत येतो. नदी कारध्याकडून गोसीखुर्दकडे वाहते, पण जलाशय भरला की परिणाम उलट्या दिशेनेही होतो. म्हणून 'पाणी पोचते' ऐवजी 'पाण्याचा परिणाम पोचतो' असा शब्द घेऊ आणि 'गोसीखुर्दचा परिणाम कारध्यावर' हे विधान वाढवू. शिवाय नियम घ लिहू: अ ला इशारा असेल आणि अ चा परिणाम ब वर पोचत असेल, तर ब ला इशारा.

आता कारध्याचा इशारा गोसीखुर्दला आधार देतो आणि गोसीखुर्दचा इशारा कारध्याला. वरची सगळी धरणे बंद झाली, तरी हे दोन इशारे एकमेकांना जामीन राहून वहीत ठाण मांडून बसतील! नुसते आधार मोजले, तर प्रत्येकाच्या नावावर एक आधार दिसतो. प्रत्यक्षात दोघेही अधांतरी आहेत.

यावरचा एक प्रसिद्ध उपाय आशिष गुप्ता, इंदरपाल सिंग मुमिक आणि व्ही. एस. सुब्रह्मण्यम यांच्या १९९३ च्या लेखात आहे. आधी खोडलेल्या विधानाचा हात ज्याला ज्याला लागला असेल, ते सगळे निष्कर्ष खोडून टाकायचे, थोडे जास्त खोडले गेले तरी हरकत नाही. मग उरलेल्या खऱ्या विधानांवरून नियम पुन्हा लावायचे. पेंचच्या विसर्गामुळे जे इशारे खरे आहेत, ते परत वहीत येतील. एकमेकांच्या जामिनावर उभे असलेले येणार नाहीत. म्हणजे नियम पुन्हा लागू होण्याचे हे दुसरे कारण झाले: काहीतरी नवे आले म्हणून नव्हे, तर काहीतरी गेले म्हणून.

न थांबणारे नियम

फुगवट्याच्या विधानामुळे वर्तुळ तयार झाले. मग नियम ख त्यात गोल गोल फिरत राहील का? नाही. ठिकाणे पाच आहेत, म्हणून जोड्या फार तर पाच गुणिले पाच, म्हणजे २५. (प्रत्यक्षात आपल्याला १३ मिळतात, 'कारध्याचा परिणाम कारध्यावर' हीही त्यांतली एक.) वहीत एक विधान एकदाच लिहायचे ही शिस्त असल्यामुळे, जोड्या संपल्या की यंत्र थांबते. वर्तुळाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

भीती बाळगायची ती नवी वस्तू जन्माला घालणाऱ्या नियमांची. 'प्रत्येक नोंदीची पोच म्हणून एक नवी नोंद करा' हा नियम पाहा. पहिल्या नोंदीची पोच ही दुसरी नोंद, तिची पोच तिसरी, तिची चौथी. दर वेळी वस्तू नवी, म्हणून विधान नवे, म्हणून नियम पुन्हा लागू. वही संपेल, नियम संपणार नाही. 'तासात एक मिळवा' यासारख्या आकडेमोडीच्या नियमांचीही हीच गत होते.

मग नियमाने नवी वस्तू करूच नये का? करावी, पण तिचे नाव ज्या घटकांपासून ती झाली त्यांच्यावरून ठेवावे. 'कारधा आणि संजय सरोवर यांचा इशारा' असे नाव असेल, तर तोच नियम त्याच घटकांवर पुन्हा लावला तरी नाव तेच निघेल आणि नवी वस्तू होणार नाही. तर्कशास्त्रात ही कल्पना नॉर्वेचे गणितज्ञ थोराल्फ स्कोलेम (१८८७–१९६३) यांच्या नावाने ओळखली जाते. एवढ्याने पोचेच्या नियमाला मात्र लगाम बसत नाही, कारण पोचेची पोच हा वेगळाच घटक असतो. तिथे नियमाची अटच आवळावी लागते: 'जी नोंद स्वतः पोच नाही, तिचीच पोच करा.'

नोंद नाही, म्हणजे विसर्ग नाही?

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. समजा कोणी असा नियम लिहिला: 'वरच्या कोणत्याही धरणातून विसर्गाची नोंद नसेल, तर गाव सुरक्षित.'

आतापर्यंतच्या नियमांत नवी बातमी आली की निष्कर्ष वाढत होते. इथे उलट आहे. नवी बातमी आली की आधीचा निष्कर्ष खोटा ठरतो. असा नियम केव्हा लावला यावर उत्तर अवलंबून राहते. बातमी यायच्या आधी लावला तर 'सुरक्षित', नंतर लावला तर नाही. म्हणून असे नियम इतर नियमांचे काम पूर्ण झाल्यावरच लावायचे, आणि वहीत काही बदलले की पुन्हा तपासायचे, असा दंडक असतो.

पण क्रम पाळला तरी मूळ शंका राहतेच. नोंद नाही म्हणजे विसर्ग नाही, की फोन लागला नाही? सिमँटिक वेबची धारणा या बाबतीत स्पष्ट आहे: जे वहीत नाही, ते खोटे नव्हे, ते फक्त माहीत नाही. ज्या वहीत सगळी माहिती असल्याची खात्री आहे, उदाहरणार्थ शाळेचा हजेरीपट, तिथे 'नाव नाही म्हणजे विद्यार्थी नाही' असे म्हणता येते. पावसाळ्याच्या रात्री शेजारच्या राज्यातून येणाऱ्या बातम्यांची वही तशी नसते. 'सुरक्षित' असे लिहायला 'विसर्ग बंद' अशी स्पष्ट नोंद हवी, आणि तीही ताजी.

वर्गात करून पहा

यासाठी संगणक लागत नाही. चार मूळ विधाने चार पट्ट्यांवर लिहून फळ्यावर चिकटवा. क, ख आणि ग हे नियम एकेका विद्यार्थ्याला द्या. एक विद्यार्थी लेखनिक; फळ्यावर असलेले विधान तो पुन्हा लिहू देणार नाही. प्रत्येक नियमकर्त्याने आपला नियम किती वेळा जुळला आणि त्यातून किती नवी विधाने मिळाली, हे वेगवेगळे मोजावे. नियम ख चे आकडे १० आणि ६ येतात का ते पाहा.

मग पवनीच्या खाली, नदीवरचे सहावे ठिकाण म्हणून गडचिरोली जिल्ह्यातील वडसा जोडा. पट्ट्या पाच झाल्या. आता विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगा, मग मोजायला. 'पाणी पोचते' अशी विधाने १५ होतील आणि नियम ख २० वेळा जुळेल. बारावीच्या विद्यार्थ्यांना यामागचे कारण शोधता येईल: सहांतून दोन ठिकाणे निवडण्याचे प्रकार १५ आणि तीन निवडण्याचे प्रकार २०.

शेवटी विसर्गाची पट्टी लावा, पेंचची पट्टी लावा, आणि मग संजय सरोवराची विसर्गाची पट्टी काढून घ्या. कोणते इशारे पुसायचे यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. कोणाचा इशारा कशाच्या आधारावर उभा आहे हे प्रत्येकाला फळ्यावर बोट ठेवून दाखवायला सांगावे. ज्याचा आधार दाखवता येत नाही, तोच पुसायचा.